एका कट्ट्यावरच्या दोन पाट्या

आमच्या घरी फणसाला नुसतं फणस म्हणायची पद्धत नव्हती. चंदगडच्या पलीकडं, डोंगराच्या उतारावर आमची मोजकी घरं, आणि दारात, बांधावर, ओढ्याच्या काठाला फणसाची झाडं. प्रत्येक झाडाला नाव होतं. खोपीमागला, वाटेवरला, देवाचा, बाळंतिणीचा. खोपीमागला बरका, गरे लिबलिबीत, घशातून आपोआप उतरणारे. वाटेवरला कापा, करकरीत, पण येणारा-जाणारा आधी त्याच्यावर हात मारायचा. देवाचा कधी आतून किडका निघायचा नाही, म्हणून देवाचा. बाळंतिणीच्या झाडाचा पहिला फणस गावात नुकती बाळंत झालेली जी कोण असेल तिच्या घरी जायचा. तो पोटाला बाधत नाही अशी सगळ्यांची समजूत होती, आणि कुणाला बाधल्याचं मी ऐकलं नाही. आज काय खाल्लंस असं कुणी विचारलं तर आम्ही पोरं "वाटेवरला" म्हणायचो. फणस हा शब्द पाव्हण्यांसाठी राखून ठेवलेला.

हे सगळं आता आठवायचं कारण माझी नात. परवा तिनं सफरचंदावरचा बारका गोल कागद सोलून कपाळाला टिकलीसारखा लावला आणि आरशात बघत बसली. त्यावर इंग्रजीत कायबाय लिहिलेलं. मी म्हटलं, काय लिहिलंय गं त्यावर. ती म्हणाली, आजी, त्याचं नाव. मग मला मंडईतल्या पाट्या आठवल्या, आणि एकदा त्या आठवल्या की हमीदाभाभी आठवल्याशिवाय राहत नाही.

वडील गेले त्या पावसाळ्यात माझी शाळा सुटली. सहावीत होते. शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. पूर आला की तशीही बंदच असायची, पण त्या वर्षी पूर उतरला तरी मी गेले नाही. आईच्या पदराला धाकटी भावंडं होती आणि रोपलावणीला हात कमी होते. दिवसकार्याला वडिलांची थोरली बहीण आली, कोल्हापूरहून. तिला आम्ही आत्ती म्हणायचो. आमच्या भागात कानडी शेजार, त्यामुळं आत्या म्हणत नाहीत. आत्तीचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, मंडईत बसून पोट भरायची. जाताना तिनं आईला एवढंच विचारलं, "हिला नेऊ काय?" आईनं माझ्याकडं बघितलं नाही, चुलीकडं बघत मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. नेसरी मागं पडली तसे डोंगर बसके होत गेले, आणि गडहिंग्लजच्या स्टँडवर आत्तीनं मला शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. ती मी कोल्हापूरपर्यंत मुठीत धरून ठेवली. खाल्ली तर हावरी म्हणेल अशी भीती.

ती भीती पुढं कित्येक वर्षं माझ्याबरोबर राहिली. शनिवार पेठेत आत्तीची एक खोली आणि पुढं पडवी. पहाटे समोरच्या तालमीत शड्डू ठोकल्याचे आवाज यायचे आणि त्याच सुमाराला गवळी म्हैस घेऊन गल्लीत यायचा, दारात धार काढून द्यायचा. म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजायच्या आधी मी उठून पडवी झाडून, पाणी भरून तयार असायची. आत्तीनं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, हिला आपण जड झालो असं एक दिवस जरी वाटलं तरी परतीच्या एसटीत बसवील. मला ज्वारीची भाकरी थापता यायची नाही, आमच्याकडं सगळा तांदूळ. माझी भाकरी तव्यावर जाईपर्यंत नकाशासारखी फाटायची. आत्ती ती फाटकी भाकरी स्वतः घ्यायची आणि तिची गोल मला वाढायची. रोज सकाळी एका लहान पातेल्यात ती भाताची पेज करायची, मीठ आणि लोणच्याची फोड घालून. म्हणायची, "माझ्यासाठी केलतो, उरली तर तू घे." ती नेहमी उरायची. आमच्या भागातल्या बायका असं पुरुषांसारखंच बोलतात, मी आलो, मी गेलो, मी केलतो. पुढं शिकल्यासवरल्या सुनेनं मला त्यावरून हसून दाखवलं, पण आत्तीच्या तोंडून ऐकलेलं वाक्य मला दुसऱ्या कुठल्या रूपात आठवतच नाही.

मंडईत लांबलचक सिमेंटचे कट्टे होते आणि एकेका कट्ट्यावर दोघीदोघी बसायच्या. आत्तीच्या कट्ट्यावर दुसरी हमीदाभाभी. बागवान घरातली, सासऱ्याच्या वेळेपासून फळांचा धंदा. अंगानं भरलेली, आवाज मोठा, तोंडात कायम पान. तिच्या बाजूला डाळिंबं, मोसंबी, पेरू, हिवाळ्यात द्राक्षं, बाजूच्या लाकडी खुंटीला केळीचे घड, आणि उन्हाळ्यात आंबा. आंब्याच्या दिवसांत भाभी वेगळीच दिसायची. पेंढ्यात हात घालून एकेक फळ वर काढायची, देठाशी नाक नेऊन डोळे मिटायची, आणि मग ते आज, उद्या की परवा असं तीन वाट्यांत ठेवायची. गिऱ्हाईक विचारायचं, "भाभी, पाव्हणं परवा जेवाय येणार हाईत." भाभी परवाच्या वाट्यातला आंबा द्यायची, आणि परवा तो बरोबर पिकलेला असायचा. बायका पेठा ओलांडून तिच्याकडं यायच्या ते त्यासाठी. तिच्या सासऱ्याचं नाव घेऊन म्हातारी माणसं म्हणायची, त्यांच्या घरचा आंबा म्हणजे आंबा.

आत्तीचं तसं नव्हतं. आत्ती काय विकते हे वर्षभर कुणालाच सांगता आलं नसतं, तिलाही नाही. डोंगरावरून जे येईल ते ती विकायची. आई आणि गावातल्या चौघीजणी मिळून पोती बांधायच्या आणि एसटीच्या टपावर टाकायच्या. टपावर दहा गावांची पोती एकत्र, म्हणून आई आमच्या पोत्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. स्टँडवर मी मान वर करून टपाकडं बघत उभी असायची, आणि हिरवी चिंधी दिसली की ओरडून कंडक्टरला सांगायची, ते आमचं. ती चिंधी मी टाकून देत नसे. कुठलं लुगडं फाटलं ते मला त्यावरून कळायचं. पोत्यात उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, काजूची बोंडं, मग फणस, पाऊस लागला की आळंबी आणि बांबूचे कोंब, थंडीत रताळी आणि काटेरी कणगं. कोल्हापुरातल्या बायका कणगं हातात घेऊन विचारायच्या, "हे काय गं, बटाटा का रताळं?" आत्ती म्हणायची, "दोन्ही न्हवं. उकडून खावा, मग सांगा मला." बऱ्याच परत यायच्या. नाव विचारायच्या नाहीत, बोट दाखवून म्हणायच्या, परवाचं ते द्या.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की दोघी डबे उघडायच्या. भाभीच्या डब्यात चपाती आणि खिमा असला की ती आधी सांगायची, "आज तुमाला चालत न्हाय," आणि दुसऱ्या कप्प्यातली वांग्याची भाजी आमच्याकडं सरकवायची. आत्ती फणसाच्या आठळ्या भाजून न्यायची. भाभीला त्या फार आवडायच्या. मला ती "कलाबेटी" म्हणायची आणि पेरूला एकदा पेरू, एकदा जाम म्हणायची; घरात जाम, गिऱ्हाइकाला पेरू. एकदा मी विचारलं, खरं नाव कुठलं. ती म्हणाली, "ज्याला द्यायचं त्याला जे कळतंय ते."

मी तिथं रुळत होते त्याच सुमाराला मंडईत नवा कारभार आला. सगळीकडं पालापाचोळा पडतो, गिऱ्हाइकाला कुठं काय मिळतं कळत नाही, म्हणून आता रांगा लावायच्या ठरल्या. पालेभाजीची रांग, फळभाजीची रांग, कांदा-बटाटा मागं, फळं दारापाशी. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लोखंडी दांडीला पत्र्याची पाटी टांगायची, तिच्यावर ती काय विकते ते लिहायचं. जे पाटीवर तेच कट्ट्यावर. एक साळोखेसाहेब म्हणून होते, मंडईच्या कचेरीतले, उंच, घामेजलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. ते एका सकाळी रांगेनं विचारत आले. प्रत्येकीनं बघून ठेवलं होतं काय सांगायचं ते. फळभाजी, साहेब. पालेभाजी, साहेब. भाभी पान थुंकून म्हणाली, "फळं." मग ते आत्तीकडं वळले.

"बाई, तुम्ही काय विकता?"

"फणस," आत्ती म्हणाली.

"फणस?"

"व्हय की. म्होरंच हाय बगा." आणि खरंच होता. कट्ट्यावर देवाच्या झाडाचे दोन मोठे फणस, एक फोडलेला, वास मंडईभर. साहेबांनी लिहून घेतलं, पुढं गेले. आत्तीच्या उत्तरात काही चुकलं असं तिलाही वाटलं नाही, मलाही नाही. विचारलं काय विकता, सांगितलं फणस. त्या दिवशी आम्ही फणसच विकत होतो.

पाट्या रंगवायचं काम भाभीचा धाकटा भाऊ यासीन याला मिळालं होतं. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं. भाभीच्या डोक्यावर 'फळे' लागलं आणि शेजारी आमच्या डोक्यावर 'फणस'. यासीननं आपलेपणानं त्या शब्दापुढं काटेरी बारकासा फणसही काढला होता, वरचे पैसे न घेता. दिवसभर हसणं चाललं. समोरची मेथीवाली आत्तीला म्हणाली, "आक्का, पाऊस लागल्यावर काय करशील गं, पाटीच कापून विकतीस काय?" आत्तीही हसली. आम्हाला तेव्हा ते हसण्यासारखंच वाटत होतं.

पाऊस लागला, फणस पाणचट झाले आणि यायचे बंद झाले. पोत्यात पानांत गुंडाळलेली आळंबी आली. ती कट्ट्यावर मांडून आम्ही बसलो तोच साळोखेसाहेब समोर.

"हे काय?"

"आळंबी," आत्ती म्हणाली. "ताजी हाईत. न्या घरी."

"पाटीवर काय आहे?"  तिला वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय आहे हे ती विसरलेली नव्हती. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "शाळेत गेलीयस ना? वाच." मी वाचलं. एवढा एक शब्द, पण मी उभी राहून वाचला. शाळेत मास्तर उभं करायचे तेव्हा वाचायची तसा.

साहेब वाईट माणूस नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. ते आत्तीच्या शेजारी टेकले आणि हळू आवाजात बोलले. "आक्का, मला वरून विचारतात. पाटीवरचा माल नसेल तर जागा रिकामी धरायची आणि यादीतल्या दुसऱ्या माणसाला द्यायची, असं आहे. लोक टपून बसलेत. महिनाअखेरपर्यंत पाटी बदलता येईल. एकदाच."

"मग भाजी लिवा."

"भाजीच्या रांगेत जागा नाही. हा कट्टा आता फळांचा झाला."

"मग फळं लिवा की. करवंद, जांभळं, फणस, बोंडू, सगळी फळंच हाईत. आळंबी न्हाय इकत."

साहेबांनी वर बघितलं. शेजारीच भाभीची पाटी लोंबत होती. "एका कट्ट्यावर एका नावाच्या दोन पाट्या लावायच्या नाहीत, असा नियम केलाय. भांडणं होतात म्हणून. एखादं बारमाही फळ सांगा, तेवढंच लिहितो." असं म्हणून ते उठले. आळंबी घेतली नाहीत. त्यांना घ्यायची होती, हे मला त्यांच्या बघण्यावरून वाटलं.

त्या दिवशी न खपलेली आळंबी आत्तीनं घरी करून टाकली, खोबरं आणि तिखट घालून, आमच्याकडं करतात तशी. मी दोनदा मागून घेतली, आणि आपण मागून घेतलं हे लक्षात येऊन हात आखडला. आत्तीनं ते बघितलं. ताटावरून न उठता ती म्हणाली, "कले, तुला आईकडं सोडतो. मी बसतो मंडईच्या दारात, भुईवर, बुट्टी घेऊन. तितं पाटी लागत न्हाय. एकटीचं भागंल कसंबी."

गावाकडं काय होतं ते मला माहीत होतं. काकानं एक स्थळ धरून ठेवलं होतं, बेळगावच्या बाजूचं, पहिली बायको गेलेला, दोन मुलं. आईनं आत्तीकडं धाडलेल्या निरोपात ते हळूच सांगितलं होतं.  मी रडले नाही. भांडी घासली आणि लगेच माझं गाठोडं बांधायला घेतलं, म्हणजे आत्तीला ते दुसऱ्यांदा सांगावं लागू नये. आज वाटतं, ते बघून तिला किती लागलं असेल. पण मला तेव्हा दुसऱ्यावर आपला भार पडू न देण्याची हीच एक रीत माहीत होती.

सकाळी आम्ही कट्ट्यावर गेलो ते उरलेलं सामान आवरायला. भाभीनं माझ्या काखेतलं गाठोडं बघितलं.

"कुटं चालली कला?"

आत्तीनं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, हातातलं फडकं झटकत. भाभी ऐकत होती आणि केळीच्या घडातली काळी पडलेली केळी तोडत होती.

"आनि तू भुईवर बसनार. गटाराच्या कडंला."

"बसतो. काय झालं त्याला? न्हाईतर मी केळी लिवून घेतो. केळी बारमाही."

"केळी कुटनं आननार? वखारीत तुला कोन वळखतंय? कच्चा घड पदरात घालतील आनि तू पिकायची वाट बगत बसशील. आनि डोंगरावरनं येतंय त्याचं काय करनार? हिच्या आईनं पोती बांदायची बंद करायची?"

 भाभी उठली. पदर डोक्यावर घेतला, कमरेला खोचला, आणि साळोखेसाहेब दोन कट्टे पलीकडं लिंबूवालीशी बोलत होते तिथपर्यंत गेली. तिचा आवाज मोठा, त्यामुळं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"साहेब, माझी पाटी बदला."

"तुमची? तुमची चांगली आहे की."

"केळी लिवा."

साहेब हसले. "भाभी, केळी म्हणजे फळच."

"फनस बी फळच हुतं. ते चाललं की तुमाला." आजूबाजूच्या बायका हसल्या. भाभी हसली नाही. "माझ्यावर केळी लिवा आनि आक्कावर फळं लिवा. एका कट्ट्यावर दोन नावं. भांडन न्हाय."

साहेब तिला बाजूला घेऊन बोलायला लागले, पण भाभीला बाजूला घेऊन बोलणं कुणाला जमलेलं नाही. ते म्हणत होते, एकदा बदलली की परत बदलता येणार नाही. मोसंबी गेली, डाळिंब गेलं, द्राक्षं गेली, समजलं का. ती म्हणत होती, समजलं. मग ते म्हणाले, "आणि आंब्याच्या दिवसांत काय करणार?"

भाभीनं पदर सारखा केला. मी आत्तीकडं बघितलं. आत्ती भाभीकडं बघत होती आणि मान हलवत होती, नको, नको अशी. भाभीला ते दिसत नव्हतं, तिची पाठ आमच्याकडं होती.

"केळी इकनार," ती म्हणाली.

परत आल्यावर आत्ती तिला खूप बोलली. वेड लागलंय काय, पोरंबाळं हाईत तुला, सासरा काय म्हनंल. भाभी केळी पुसत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "उपास-तापासाला केळं, पूजेला केळं, आजाऱ्याला केळं, बाळाचा पहिला घास केळं. माझं काय अडत न्हाय. आनि कलाला हितंच ऱ्हाऊ दे, मला बोलाय कोन हाय दुपारचं?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "गठुडं सोड आदी. त्यात काय हाय एवढं घट्ट बांधायला."

तिच्या घरी काय झालं ते आम्हाला यासीनकडून कळलं. नवरा बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. बागवानाच्या घरात आंबा नाही हे त्याला लोकांना सांगता येईना. सासरा जेवताना उठून गेला. पाट्या रंगवायला यासीन आला तेव्हा त्याचंही तोंड उतरलेलं होतं. ब्रश हातात धरून म्हणाला, "आपा, अजून सांग. आंबा एकला तरी लिहितो, केळी आनि आंबा."

"दोन नावं चालत न्हाईत. लिव."

"लोक काय म्हनत्यात ते ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं. तू लिव."

त्यानं 'फळे' वर पांढरा रंग मारला आणि वाळल्यावर 'केळी' लिहिलं. आमच्या पाटीवरचा काटेरी फणस पुसताना मात्र तो थांबला, आणि तो तसाच ठेवून नुसत्या शब्दाच्या जागी 'फळे' लिहिलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. आळंबी आणि कणगं मंडईत विकायची बंद झाली. ओळखीच्या बायका घरी येऊन न्यायच्या, पण ते किती. गावच्या चौघींपैकी दोघींनी पोती बांधायची सोडली. आत्ती आता पेरू आणि डाळिंबंही ठेवायची, पण घाऊक बाजारात ती कुठल्या ढिगातून घ्यायची हे तिला कळायचं नाही, तेव्हा भाभी स्वतःची केळी बघता बघता तोंडानं सांगायची, "ते नको, मागचं घे." मी तिथंच राहिले. भाकरी गोल यायला लागली. पहाटे घंटेच्या आधी उठायची सवय राहिली, पण आता आत्तीच्या पायाशी बसून पेज प्यायची आणि मागून घ्यायची. मी कोल्हापुरातच वाढले, तिथंच माझं लग्न झालं, पहिली बायको गेलेल्याशी नाही. हे मी कित्येकदा कित्येक जणांना सांगितलं आहे आणि दर वेळी ऐकणारा म्हणतो, नशीब तुमचं. नशीब असेल. मला मात्र साहेबांसमोर आमच्याकडं पाठ करून उभी राहून पदर सारखा करणारी भाभी दिसते.

आंबा आला तेव्हा मात्र आत्ती घाबरली. एवढी वर्षं ती आंब्याजवळ बसली होती, आंबा विकला नव्हता. पहिल्या पेट्या उतरवून घ्यायला भाभीच बरोबर गेली. नवऱ्याला न सांगता गेली असावी. पेट्या कट्ट्यावर आल्या, मी पेंढा बाजूला केला आणि आज, उद्या, परवा असे तीन वाटे करायचा प्रयत्न करत होते. आत्ती म्हणाली, पहिला आंबा भाभीच्या घरी दे. भाभीनं तो घेतला, पदरात बांधला आणि आपल्या केळीमागं जाऊन बसली.

दुपारच्या आधी पेठेतल्या एक मास्तरीणबाई आल्या. दर वर्षी भाभीकडूनच न्यायच्या, तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून. पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि भाभीच्या पुढ्यात केळीच केळी बघून गोंधळल्या.

"भाभी, आंबा कुठाय?"

"शेजारी हाय बाई."

"तुझा न्हाय?"

"न्हाय. मी केळीवाली."

बाईंनी वर पाटी बघितली, मग आत्तीकडं, मग परत भाभीकडं. "एवढ्या वर्षांचा हापूस सोडलास व्हय?"

माझा हात पेंढ्यातच थांबला. आत्ती खाली बघायला लागली.

भाभी वाकली, आमच्या ढिगातून एक आंबा उचलला, देठाशी नाक नेऊन डोळे मिटले. मग तो बाईंच्या पिशवीत ठेवला आणि दुसरा निवडायला हात पुढं केला.

"सोडला न्हाय," ती म्हणाली. "शेजारी ठेवलाय. पाव्हणं कवा येनार हाईत सांगा."